तार कुणाची, बिल कुणाचं?

उद्या सकाळी असाइनमेंट द्यायचीय आणि रूमवरचं नेट गेलंय. ओएनटीवर, म्हणजे भिंतीवरच्या त्या छोट्या डब्यावर, लाल दिवा. कॉल सेंटरवाले म्हणतात, ‘माणूस पाठवतो, व्हिजिट चार्ज लागेल.’ घाईघाईत तुम्ही ‘हो, पाठवा’ म्हणता. त्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो: बिघाड कुणाच्या तारेत आहे?

रस्त्यावरून तुमच्या ओएनटीपर्यंत येणारी फायबरची तार साधारणपणे कंपनी सांभाळते. त्यापुढचं, म्हणजे तुम्ही विकत घेतलेला राउटर, लॅपटॉपची केबल, घरमालकाने भिंतीतून फिरवलेली वायर, हे तुमचं. नेमकी सीमा प्लॅनच्या अटींत सापडते, त्या वाचा. एलओएसचा दिवा लाल असेल, तर सिग्नल डब्यापर्यंत पोचतच नाहीये. बिघाड बाहेर असेल, तर चार्ज कशाचा ते विचारा. पण कपाट सरकवताना तार तुम्हीच दुमडली असेल, तर पैसे मागितल्यावर भांडू नका.

माणूस येण्याआधी दिव्याचा फोटो काढा. चार्ज किती आणि कशासाठी, हे मेसेजवर मागा. काम झाल्यावर पावती घ्या. ‘कॅश द्या, पावती राहू दे’ चालवून घेऊ नका. तक्रारीचा डॉकेट नंबर जपून ठेवा.

तरीही चुकीचा चार्ज लागला तर? ‘ट्राय’कडे धाव घेऊन उपयोग नाही, ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. पण ट्रायच्या २०१२च्या नियमांनुसार कंपनीतच दोन पायऱ्या आहेत: आधी तक्रार केंद्र, मग अपील प्राधिकरण. अपिलाला फी नाही आणि ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. शिवाय ‘१९१५’ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच.

आणि ग्राहक आयोग? २००९च्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारींना तो दरवाजा बऱ्याच अंशी बंद झाला होता. महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल येणाऱ्या एका मोबाइल ग्राहकाला २४ हजारांवर बिल आलं. त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये स्पष्ट केलं, की टेलिकॉम कंपनीविरुद्धही ग्राहक आयोगात जाता येतं. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

समजा, चार्ज चारशे रुपये आहे आणि रूमवर चौघं आहात. प्रत्येकी शंभर. ‘जाऊ दे ना यार’ म्हणणं सोपं आहे. पण असे ‘जाऊ दे’ गावभर जमले, की चुकीचा चार्ज हाच नियम होऊन बसतो. म्हणून पुढच्या वेळी पैसे काढण्याआधी एवढंच विचारा: तार कुणाची?