सरणाच्या लाकडांचा हिशोब

२०१५ साली घुमानला साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून पंजाब म्हटलं की आपल्या मंडळात नामदेवांचा विषय निघतोच. निघावाच. पण घुमानला लागून असलेल्या अमृतसर जिल्ह्याची एक गोष्ट कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो.

ऐंशी-नव्वदच्या दशकात पंजाब पेटलेला होता. अतिरेक्यांनी बसमधून उतरवून निरपराधांना गोळ्या घातल्या, पोलिसांनाही मारलं. हे झाकून पुढचं बोलणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण त्याच काळात पोलीस तरुणांना घरातून उचलून नेत, आणि त्यातले कित्येक परत येत नसत. ठाण्यात विचारलं की उत्तर ठरलेलं: आमच्याकडे नाही.

जसवंतसिंग खालरा हे अमृतसरचे, सहकारी बँकेतले. बेपत्ता ओळखीच्यांना शोधत ते स्मशानापर्यंत पोचले. बेवारस म्हणून आणलेल्या प्रेतांची आणि त्यांना लागलेल्या लाकडांची तिथे नोंद होती. बँकेतला माणूस, वह्या वाचायची सवय! माणसांचा हिशोब कुणी ठेवला नव्हता. लाकडांचा मात्र ठेवला होता. १९९५च्या जानेवारीत त्यांनी हे उघड केलं. ६ सप्टेंबरला त्यांनाच घरासमोरून उचललं. त्यांचं प्रेत आजवर मिळालेलं नाही.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने तपास केला. तेव्हाच्या अमृतसर जिल्ह्यातल्या फक्त तीन स्मशानांत २,०९७ प्रेतं गुपचूप जाळल्याचं निघालं. त्यातली १,२३८ अनोळखी, २७४ची अर्धवट ओळख, आणि ५८५ची पूर्ण ओळख पटलेली. ओळख पटलेलं प्रेत बेवारस कसं असेल हो?

१९९६ला हे प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे गेलं, आणि माझ्या मते इथेच घात झाला. आयोगाने ‘कुणी मारलं’ हे विचारलंच नाही. अंत्यसंस्कार नियमाने झाले का, एवढंच पाहिलं. माणूस पोलीस कोठडीत होता हे मान्य झालं तर अडीच लाख, नाहीतर पावणेदोन लाख. जबाबदार म्हणून एकाही अधिकाऱ्याचं नाव घेतलं नाही. खून म्हणून जे तपासायला हवं होतं, ते कागदपत्रांतली चूक म्हणून मिटवलं.

खालरांच्या बाबतीत न्याय झाला, कारण पत्नी परमजीत कौर हटल्या नाहीत. २००५ साली सहा पोलिसांना शिक्षा झाली; २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. बाकीच्या थोड्या प्रकरणांत तीस-तीस वर्षांनी निकाल येताहेत. तोवर कितीतरी आरोपी मेलेत, साक्षीदारही.

‘तो काळच तसा होता’ असं जाणकार सांगतात. असेल. पण काळ कुणाच्या नावाने लाकडं उचलत नाही. त्याला ठाण्याचा माणूसच लागतो. त्या ५८५ जणांची नावं माहीत असताना घरी निरोप का गेला नाही, एवढं तरी कुणीतरी शपथेवर सांगायला हवं होतं.