दंतवैद्यकीय व्यवसायाला नेतृत्व हवे

मालेगाव असो, भिवंडी असो वा मिरज, आमच्या शहरांतून गेल्या पंचवीस-तीस वर्षांत दातांच्या दवाखान्यांच्या पाट्या झपाट्याने वाढल्या आहेत. एकाच रस्त्यावर तीन-तीन पाट्या दिसतात. मुलामुलींना बीडीएसला घालणारे पालक आमच्या वाचकांत पुष्कळ आहेत आणि फी भरण्यासाठी घरातले दागिने मोडणारेही आहेत. त्यामुळे या व्यवसायाचे भलेबुरे या पानावर मांडणे आम्हाला अगत्याचे वाटते. डॉक्टर भरपूर झाले, यंत्रे नवी आली, रुग्णही वाढले. परंतु पुढे होऊन वाट दाखविणारी माणसे मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नेतृत्व म्हटले की आपल्याकडे हार, व्यासपीठ आणि लेटरहेड डोळ्यांसमोर येते. व्यावसायिकांच्या संघटनाही त्याला अपवाद नाहीत. अध्यक्षपदाची निवडणूक चुरशीने लढविली जाते, अधिवेशन मोठ्या हॉटेलात भरते, कंपन्यांचे स्टॉल लागतात. त्यात गैर काही नाही. पण आमची कसोटी निराळी आहे. ज्याच्यामुळे हाताखालचा माणूस अधिक चांगले काम करू लागतो आणि ज्याच्या पश्चात काम थांबत नाही, त्यालाच आम्ही नेता म्हणू. असा माणूस या व्यवसायाला आपल्या देशात अगदी आरंभीच लाभला होता.

डॉ. रफीउद्दीन अहमद यांचा जन्म १८९० चा, पूर्व बंगालमधला. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून त्यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली, बोस्टनमध्ये मुलांच्या दंतरुग्णालयात काम केले आणि १९१९ मध्ये ते मायदेशी परतले. कलकत्त्यात दवाखाना थाटून श्रीमंतांचे दात दुरुस्त करीत त्यांना सुखाने जगता आले असते. तेव्हा आपल्याकडे दाढ उपटण्याचे काम न्हावी किंवा बाजारात चादर पसरून बसणारा माणूस करीत असे. पदवीधराला स्पर्धा अशी नव्हतीच. अहमद यांनी मात्र १९२० मध्ये देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले. त्यासाठी पैसा कोठून आणला, ही गोष्ट व्यापाराच्या पानावर मुद्दाम सांगण्याजोगी आहे. त्यांनी कलकत्त्यात 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे सरबत-आइस्क्रीमचे दुकान चालविले आणि त्याच्या उत्पन्नावर महाविद्यालय उभे केले. देणगीची पावतीपुस्तके घेऊन ते दारोदार फिरत बसले नाहीत. धंदा करून संस्था पोसली. (आइस्क्रीमने किडलेले दात पुन्हा त्यांच्याच दवाखान्यात येत असतील, असे कोणी गमतीने म्हटले तर आम्ही रागावणार नाही.)

सुरुवातीला विद्यार्थी अवघे दहा-बारा. अभ्यासक्रम आधी एका वर्षाचा होता, तो वाढवीत वाढवीत १९३५ पर्यंत चार वर्षांचा केला. वाढीव मुदतीमुळे विद्यार्थी पळतील ही धास्ती त्यांना नसेल असे नाही, पण दर्जा खाली आणून वर्ग भरण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. १९२५ मध्ये व्यवसायाचे नियतकालिक सुरू केले, १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. १९३९ मध्ये बंगालमध्ये दंतवैद्यांचा कायदा झाला, त्यामागेही त्यांचीच खटपट होती. त्यांच्या महाविद्यालयात शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना उघडला. दंतवैद्य बाई ही कल्पनाच तेव्हा लोकांना नवी होती. आणि १९४९ मध्ये अहमद यांनी हे चालते-बोलते महाविद्यालय सरकारच्या स्वाधीन केले. पुढे ते पश्चिम बंगालचे मंत्री झाले, १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले. महाविद्यालयाला आता त्यांचे नाव आहे आणि त्यांचा जन्मदिवस, २४ डिसेंबर, दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो. आपल्या घरातल्यांसाठी गादी राखून ठेवण्याऐवजी तयार संस्था देऊन टाकणारे किती संस्थापक आपण पाहिले आहेत?

त्या पिढीचे आणखी एक शहाणपण १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात दिसते. पदवी नसलेले, पण वर्षानुवर्षे याच कामावर पोट भरणारे अनेक लोक तेव्हा देशभर होते. कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. पदवीधर 'अ' भागात आणि किमान पाच वर्षे व्यवसाय केलेले बिनपदवीचे 'ब' भागात. जुन्यांची रोजी हिरावली नाही आणि पुढच्यांसाठी दार हळूहळू बंद केले. आजच्या पुढाऱ्यांनी हा धडा गिरवायला हरकत नाही. नियम कडक असावा, पण तो लागू करताना माणसाच्या चुलीचाही विचार असावा.

आता पुढची अवस्था पाहा. देशात आज तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि बीडीएसच्या पंचवीस हजारांहून अधिक जागा. इतके पदवीधर दरवर्षी कोठे सामावणार, याचा हिशेब महाविद्यालयांना परवानगी मागताना आणि देताना कोणी केला? २०२०-२१ च्या प्रवेशात सुमारे सात हजार जागा रिकाम्या राहिल्या. किमान गुणांची अट शिथिल करावी, असे दंत परिषदेचे म्हणणे होते. देशात दंतवैद्य पुरेसे आहेत, असे केंद्र सरकारचे. शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अट दहा पर्सेंटाइलने खाली आणण्याचा आदेश दिला. ज्या प्रश्नाचा निकाल व्यवसायातील जाणत्यांनी एकत्र बसून वीस वर्षे आधी लावायचा, तो न्यायालयाच्या दारात गेला. आणि 'पुरेसे' हे देशाच्या सरासरीत. शहरात चौकाचौकात दवाखाना आणि खेड्यात दाढ दुखली की लवंग, ही आपली खरी वाटणी आहे.

वरच्या पातळीचे हे झाले. खरे नेतृत्व मात्र चार खुर्च्यांच्या दवाखान्यातच कळते, आणि याविषयी आम्हाला थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. अवजारे निर्जंतुक करण्याचे उदाहरण घ्या. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश उष्णता आणि पंधरा पौंड दाब पंधरा-वीस मिनिटे राहिला पाहिजे. पाण्यात उकळून चिवट जंतू मरत नाहीत. अवजारे धुणे, कोरडी करणे, पाकिटात भरणे व शेवटी थंड होणे धरले तर पाऊण-एक तास जातो. संध्याकाळी बाहेर सहा रुग्ण बसलेले आहेत, ड्रिलचा हँडपीस एकच आहे, डॉक्टर दुसऱ्या खोलीत आहेत. मदतनीस मुलगी काय करील? डॉक्टर एरवी काय करताना तिला दिसतात, तेच ती करील. हँडपीस स्पिरिटने पुसून पुढच्याच्या तोंडात गेला तर दोष तिचा म्हणता येणार नाही. दोन हँडपीस जास्त घेणे, चक्राची वही ठेवणे आणि "डॉक्टर, हे अजून झालेले नाही," असे तिने म्हटल्यास तिच्यावर न ओरडणे, हे मालकाचे काम आहे. कावीळ 'ब' या मार्गाने पसरू शकते, याची जाणीव ठेवली तर वहीचा कंटाळा येणार नाही.

तीच गोष्ट दरांची. रूट कॅनालला किती, कॅपला किती, कवळीला किती, हे आधी सांगणारा दवाखाना टिकतो. दात वाचण्यासारखा असताना इम्प्लांटचा आग्रह धरायचा, किंवा रुग्ण पाठविणाऱ्याला टक्केवारी द्यायची, ही सवय कनिष्ठ डॉक्टर वरिष्ठाकडे पाहूनच उचलतो. कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये महाराष्ट्रात तयार झाला, त्यावर बोलणेही खूप झाले. परंतु आपल्या गावातील दहा वरिष्ठ दंतवैद्यांनी ठरविले की आम्ही टक्का देणार-घेणार नाही, तर त्यासाठी कायद्याची वाट कशाला पाहावी लागते?

सर्वांत अधिक काळजी आम्हाला नव्या पदवीधरांची वाटते, विशेषतः मुलींची. पाच वर्षे शिकून आलेल्या मुलीला मोठ्या दवाखान्यात जो पगार सांगितला जातो, तो ऐकून तिचे वडील गप्प होतात. काम बारा तासांचे, आणि शिकायला मिळते ते फक्त दात साफ करणे. स्वतःचा दवाखाना काढायचा तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे यंत्र, ऑटोक्लेव्ह आणि जागेची पागडी. दोन वर्षांत कर्ज डोक्यावर बसते. येथे जुन्या डॉक्टरांनी हात दिला पाहिजे. सकाळी रिकामी असलेली आपली खुर्ची नवख्याला ठरलेल्या वाट्यावर द्यावी, अवघड दाढ काढताना शेजारी उभे करावे, हिशेब उघडा ठेवावा. तीन-चार नव्या डॉक्टरांनी मिळून एकच जागा व एकच एक्स-रे यंत्र घेण्याची पद्धतही चांगली आहे. मात्र खरेदी कोण करणार, वही कोण लिहिणार आणि कोणी बाहेर पडल्यास यंत्र कोणाचे, हे पहिल्या दिवशी कागदावर आले पाहिजे. मैत्रीवर सुरू झालेल्या भागीद्या कशा मोडतात, हे व्यापारी वाचकांना आम्ही सांगायला नको.

संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला आणि जुन्या परिषदेच्या जागी आयोग आणण्याची व्यवस्था केली. परिषदेत निवडून आलेल्यांचा वाटा होता. आयोगात भर नेमणुकीवर आहे. म्हणजे व्यवसायाचा आवाज दिल्लीपर्यंत पोचवायचा तर गावोगावच्या शाखांनाच तो आधी तयार करावा लागेल. गुटखा आणि मिश्री यांनी तोंड न उघडणारी तरुण मुले किती आली, खेड्यातून किती रुग्ण आले, नवे पदवीधर किती बेकार आहेत, या नोंदी शाखेच्या दप्तरात असल्या तर कोणालाही नाकारता येणार नाहीत. येत्या २४ डिसेंबरला जे सत्कार समारंभ होतील, तेथे निदान एक टेबल या नोंदींसाठी मांडावे आणि शाखेच्या सचिवांनी स्वतः त्यामागे बसावे.