रझाकार कुणाचे रक्षक?

मराठवाड्याची हद्द आमच्या नगर जिल्ह्याला लागूनच आहे. तिकडच्या मुसलमानाला भांडणात 'रझाकार' म्हणून हिणवले जाते. हा सरळ अन्याय आहे. पण रझाकारांना कौमचे रक्षक म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना आमचा सवाल आहे : रक्षण कुणाचे झाले?

मजलिसच्या या दलाचे नेतृत्व लातूरचे वकील कासिम रझवी यांच्याकडे आले. खेडी लुटली गेली, हिंदू शेजारी मारले गेले. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांनी विरोध केला, तर ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचाच खून झाला. ते मुसलमान नव्हते काय?

सप्टेंबरमध्ये पाच दिवसांत निजाम शरण आला. सूड उगवला गेला तो उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्ग्याच्या गरीब मुसलमानांवर. सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला. तो अहवाल कित्येक दशके दडवणारे सरकारही दोषीच. रझवी मात्र १९५७ मध्ये तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेले. मार खायला मागे राहिली ती रयत.

हा रोग एकट्या मुसलमानांचा नाही. लेबनॉनच्या यादवीत ख्रिस्ती समाजाच्या रक्षणासाठी म्हणून सशस्त्र दले उभी राहिली. १९८० मध्ये बशीर जमायेलच्या दलाने दुसऱ्या ख्रिस्ती दलाचीच कत्तल केली. धर्माच्या नावाने उचललेली बंदूक शेवटी घरातच वळते.

आपल्या मुलांना नायक हवा असेल तर शोएबुल्ला खान सांगा. तेही उर्दूतच लिहीत होते.