केसपेपरवर आईच आरोपी का?



नवजात बाळ जंतुसंसर्गाने दाखल झालं की डॉक्टर आधी ‘मातेकडील जोखीम घटक’ शोधतात. पाणमोट फुटून १८ तासांहून जास्त वेळ गेला का, बाळंतपणात आईला ताप होता का, गर्भजलाला दुर्गंधी होती का, लघवीच्या मार्गाचा संसर्ग होता का, दिवस भरण्याआधीच प्रसूती झाली का. वैद्यकशास्त्र म्हणून ही यादी बरोबर आहे. माझं भांडण आहे ते ही यादी हातात धरून वॉर्डात जे बोललं जातं त्याच्याशी. “या बायका अशाच. स्वच्छता नाही, वेळेवर येत नाहीत.” ‘या बायका’ म्हणजे कोण, हे केसपेपरवरचं आडनाव वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

वेळेवर येत नाहीत म्हणता? मग त्या १८ तासांचा हिशोब मांडा. रात्री वस्तीवर पाणमोट फुटली, गाडी पहाटे आली. प्राथमिक आरोग्य केंद्राने ग्रामीण रुग्णालयाकडे धाडलं, तिथे भूलतज्ज्ञ नव्हता, म्हणून पुढे जिल्ह्याला. बाई निघाली होती वेळेवरच. तिला चिठ्ठी देऊन पुढे ढकलणाऱ्यांचे तास मात्र तिच्या नावावर जमा झाले.

आणि लघवीचा संसर्ग? ऊसतोडीला गेलेल्या गरोदर बाईकडे बघा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, अंगावर उचल, आणि एक दिवस कामावर गेली नाही तर खाडा. फडात संडास नाही, प्यायला धड पाणी नाही. आडोसा मिळत नाही म्हणून ती पाणीच कमी पिते, लघवी दाबून ठेवते. जळजळ होते हे तिला कळत नाही असं समजू नका. तपासणीला गेलं की खाडा पडतो, हेही तिला कळतं. याला अज्ञान म्हणणाऱ्यांनी एक दिवस फडात काढावा.

त्या यादीतला आणखी एक घटक तर कमाल आहे: प्रसूतीत तीनपेक्षा जास्त वेळा आतून तपासणी. अहो, तपासणारा हात कुणाचा? तरी खातं आईचंच! १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइसने दाखवलं होतं की शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांचे हात बाळंतिणींना मारत होते. क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावल्यावर मृत्यू झपाट्याने घटले. ते मान्य करणं मात्र अनेक प्रतिष्ठित डॉक्टरांना जड गेलं.

दूरचं कशाला, दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांचा २०११ ते २०१४ मधला अभ्यास २०१६ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. अतिदक्षता कक्षात ठेवलेल्या तेरा हजारांवर बाळांपैकी १४.३ टक्के बाळांना रक्तापर्यंत पोहोचणारा गंभीर संसर्ग झाला. त्यातला जवळपास दोन तृतीयांश पहिल्या ७२ तासांतच. इतक्या लवकर संसर्ग झाला की तो आईकडून आला, असं पुस्तक सांगतं. पण जंतू निघाले अ‍ॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेब्सिएला, अनेक अँटिबायोटिकना दाद न देणारे, आणि उशिरा होणाऱ्या संसर्गातही जवळपास तेच. म्हणजे संशय प्रसूतिकक्षावर आणि वॉर्डावरही घ्यावा लागतो. ही बाळं रुग्णालयातच जन्मली होती, उशिरा आणलेली नव्हती.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली होती. बाळंतपणाआधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, ही त्यांची भूमिका होती. आज २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, पण फडावरच्या, वीटभट्टीवरच्या बाईपर्यंत ती पोहोचत नाही. तिच्यासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार, आणि दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच पैसे. मुलगा झाला तर काय आईचं रक्त कमी आटतं?

जयंतीची वर्गणी आपण चोख गोळा करतो. तेवढ्याच चोखपणे आपल्या जिल्हा रुग्णालयात माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकू. गेल्या वर्षी किती बाळं संसर्गाने दाखल झाली? कितींच्या रक्ताची जंतूतपासणी झाली आणि कोणते जंतू सापडले? प्रसूतिकक्षात साबण आणि वाहतं पाणी किती दिवस होतं? किती बाळंतिणी इतर केंद्रांतून पाठवल्या गेल्या आणि वाटेत किती तास गेले? उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं तर अपील करायचं.