खिंडीत उभा असलेला माणूस

होळीच्या आदल्या आठवड्यात डोंगरापल्याडच्या एका वाडीत गवताच्या गंज्या पेटल्या. मी तेव्हा तालुक्याच्या गावी अग्निशमन केंद्रात बसलो होतो. बंबाच्या केबिनमध्ये जागा मिळाली, म्हणून सोबत गेलो. घाट चढून खिंडीत आलो तसा वायरलेस सेटवरचा कंट्रोल रूमचा आवाज खरखरायला लागला. चालकानं गाडी थांबवली. मागचा एक पोरसवदा फायरमन वॉकीटॉकी घेऊन उतरला आणि त्याला तिथंच सोडून बंब पुढं निघाला. त्याचं काही बिनसलं की काय, असं मला वाटलं. चालक म्हणाला, "नाही साहेब, तो इथंच थांबतो. खाली वाडीत काही लागत नाही."

आमच्या बंबाची टाकी साडेचार हजार लिटरची. वाऱ्यावर पेटलेल्या गवतावर पाइप सोडला की दहा-पंधरा मिनिटांत कोरडी होते. दुसरा टँकर लगेच हवा होता. वाडीतून निरोप खिंडीतल्या पोराला, त्यानं तोच निरोप कंट्रोलला सांगायचा, कंट्रोलचं उत्तर पुन्हा खाली वाडीत. मधे दोनदा "परत सांगा, ओव्हर" झालं. टँकर निघाल्याचं कळेपर्यंत गोठ्याच्या छपरानं पेट घेतला होता. बायकांनी दावी आधीच कापली होती, म्हणून जनावरं वाचली.

तो पोरगा खिंडीत उभं राहून जे करत होता, ते काम करणारं एक यंत्र आहे. त्याला रिपीटर म्हणतात. एका वारंवारतेवर आलेलं बोलणं तो त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर जास्त ताकदीनं पुढं पाठवतो. तो उंचावर बसवतात, कारण वायरलेसच्या या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि मधे डोंगर आला की अडतात. माणसाच्या हातातल्या सेटला सपाट माळावर सुद्धा पाचएक किलोमीटरवर क्षितिज आडवं येतं. तीच अँटेना आजूबाजूच्या मुलखापेक्षा चारशे मीटर उंच टेकाडावर नेली की क्षितिज ऐंशी किलोमीटरवर जातं. सह्याद्रीत टेकाडांना तोटा नाही. आपण मात्र केंद्राच्या गच्चीवर पाइप उभा करून त्यावर अँटेना बांधतो आणि दरीतल्या वाडीशी बोलायची अपेक्षा धरतो.

रेंज नाही म्हटलं की कुणीतरी जास्त वॅटचा सेट घ्या म्हणतं. पाच वॅटच्या जागी पंचवीस वॅट आले म्हणून डोंगर बाजूला होत नाही. शिवाय केंद्रातला सेट तेवढा मोठा केला की वेगळाच घोटाळा होतो: कंट्रोलचं बोलणं वाडीत स्पष्ट ऐकू येतं, पण कमरेला लावलेल्या छोट्या सेटचा आवाज परत पोचत नाही. आगीजवळच्या माणसाला वाटतं, आपलं ऐकलं. हे मला पूर्ण शांततेपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. डिजिटल सेटची भुरळही जपूनच पडू द्यावी. रेंजच्या कडेला साधा सेट खरखरतो, पण चार शब्द कळतात. डिजिटल सेट तिथं एकदम मुका होतो.

आता हा रिपीटर कुणी बसवायचा? इथं खरी अडचण आहे. १९९२च्या घटनादुरुस्तीनं अग्निशमन सेवा बाराव्या अनुसूचीत, म्हणजे नगरपालिकांच्या यादीत घातली. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत अग्निशमन नाही. गावात आग लागली की नगरपरिषदेचा बंब येतो, तो शेजारधर्म म्हणून. नगरपरिषदेनं आपल्या हद्दीपुरता सेट घेतला तर तिला बोल कसा लावणार? हद्दीबाहेरच्या डोंगरावर तिनं का खर्च करावा, हा प्रश्न लेखापरीक्षक विचारणारच. म्हणून हे काम जिल्ह्याचं आहे. जिल्हा वार्षिक योजनेतून आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या नावानं ते व्हायला हवं. पोलिसांच्या आणि वनखात्याच्या स्वतःच्या वायरलेस यंत्रणा आहेत. त्यांच्या मनोऱ्यावर बंबासाठी एक अँटेना चढवता येईल का, आणि वणव्याच्या वेळी तिघांना एकमेकांशी बोलता येईल अशी एक सामाईक वाहिनी ठेवता येईल का, हे एका टेबलाशी बसून ठरवायचं आहे. वारंवारतेची परवानगी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून घ्यावी लागते. तो पाठपुरावाही जिल्ह्यानं केला तरच होईल.

आणि बसवला की संपलं असं नाही. आषाढात दिवस दिवस ऊन पडत नाही, तेव्हा सौर पॅनेलच्या जोडीला आठवडाभर पुरेल एवढी बॅटरी हवी. कातळावर अर्थिंग नीट लागत नाही, त्यामुळे वळवाच्या विजेनं यंत्र जळतं. अँटेनाच्या केबलच्या जोडात पाणी शिरतं. वर्षातून दोनदा तरी डोंगर चढून कुणी जाणार असेल, त्याचा भत्ता मंजूर असेल, तरच रिपीटर बसवावा.

मोबाइल आहे की, असं म्हणणाऱ्यांना मी माळीणची आठवण करून देतो. ३० जुलै २०१४ला आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराखाली गेलं, आणि गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला एसटीच्या चालकामुळं कळलं. जुलै २०२१मध्ये महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली, तेव्हा पुरानं आधीच रस्ते आणि फोन दोन्ही तोडले होते. वणव्यांचंही तेच. भारतीय वन सर्वेक्षणाला उपग्रहावरून आग दिसते, इशारा एसएमएसनं सुटतो, आणि ज्या वनरक्षकानं जाळरेषेवर धावायचं तो दरीत रेंजबाहेर असतो.

परतताना खिंडीत त्या पोराला गाडीत घेतलं. चार तास तो उन्हात एका जागी उभा होता, कारण दहा पावलं इकडंतिकडं झालं की आवाज तुटत होता. चालकानं कप्प्यातून एक वही काढून मला दाखवली. सात वर्षं तो तिच्यात लिहितोय. 'वडाचं वळण – लागतं.' 'शाळेमागं – नाही.' 'मारुतीचा पार – नुसतं ऐकू येतं.' 'धनगरवाडा – पावसाळ्यात नाही, उन्हाळ्यात थोडं.' जिल्ह्यानं रिपीटरची जागा ठरवताना पहिल्यांदा ही वही मागून घ्यावी.

शेवटच्या तीन पानांवर वाड्यांची नुसती नावं आहेत, पुढची जागा कोरी. तिथं अजून आग लागलेली नाही, असं तो म्हणाला.