विम्याचा कागद आणि विम्याचा अर्थ

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की देवळाली प्रवरा, राहुरी फॅक्टरी आणि नगर–मनमाड रस्त्याचा सारा परिसर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी गजबजून जातो. त्याच रस्त्याने शिर्डीकडे जाणाऱ्या मोटारी धावतात आणि शिक्षक, कारकून, विद्यार्थी दुचाकींवरून वाट काढीत असतात. या सर्व वाहनांचा विमा असणे कायद्याने आवश्यक आहे. परंतु त्या विम्याच्या कागदात काय लिहिले आहे असे विचारले, तर सुशिक्षित मालकही बहुधा निरुत्तर होतो. विमा म्हणजे पोलिसांना दाखवावयाचा कागद, एवढीच त्याची ओळख आपल्याकडे रूढ झाली आहे.

वास्तविक १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीच्या विम्याचे तत्त्व आणले आणि १९८८ च्या कायद्याने ते कायम ठेवले, ते वाहनमालकाच्या सोयीसाठी नव्हे. वाहनाखाली सापडलेल्या अपरिचित माणसाला, अथवा त्याच्या मागे राहिलेल्या कुटुंबाला, भरपाई मिळावी हा त्यामागील हेतू होय. मालक हा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा आणि हा अपरिचित माणूस तिसरा. म्हणूनच त्याला ‘तृतीय पक्ष विमा’ म्हणतात. मृत्यू वा इजा झाल्यास न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम या विम्यातून मिळते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीस मात्र साधारणतः साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते. स्वतःच्या मोटारीच्या दुरुस्तीसाठी या विम्यातून एक रुपयाही मिळत नाही. ‘विमा होता, तरी कंपनीने पैसे दिले नाहीत,’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथेच असते.

स्वतःच्या वाहनाची चोरी, आग, पूर वा अपघात यांपासून संरक्षण हवे असेल, तर सर्वसमावेशक विमा घ्यावा लागतो. त्यातही वाहनाची किंमत दरवर्षी घटवून धरली जाते. रबर व प्लॅस्टिकच्या भागांच्या किमतीतून निम्मी रक्कम घसाऱ्यापोटी वजा होते. ही वजावट टाळणारे पूरक संरक्षण जादा हप्ता भरून घेता येते. वर्षभर दावा केला नाही, तर या भागाच्या हप्त्यात वीस टक्क्यांपासून पुढे पन्नास टक्क्यांपर्यंत सूट वाढत जाते. ही सूट माणसाची असते, वाहनाची नव्हे. जुनी मोटार विकत घेणाऱ्याने चौदा दिवसांत कंपनीला कळवून विमा आपल्या नावावर करून घ्यावा. विक्रेत्याची सूट त्याला मिळत नाही.

तथापि आपल्या भागातील सर्वांत गंभीर प्रश्न मोटारीचा नाही. तो ट्रॉलीचा आहे. कायद्याच्या दृष्टीने ट्रॉली हेही एक वाहन आहे. केवळ ट्रॅक्टरचा विमा उतरवून ट्रॉली सुरक्षित होत नाही. शिवाय, शेतीच्या नावाने विमा घेतलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे बसवून नेली जातात. २००७ साली सर्वोच्च न्यायालयापुढे वीटभट्टीसाठी माती वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरील मजुराचे प्रकरण आले. अशा मजुराची जबाबदारी कंपनीवर नाही, असे न्यायालयाने ठरविले. मजूर गरीब म्हणून कंपनीने आधी पैसे द्यावेत, पण मागाहून ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश झाला. याचा अर्थ उघड आहे. ऊसतोड मजुरांनी भरलेली ट्रॉली उलटली, तर मजुराच्या कुटुंबाला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतील आणि लहान मालकाची जमीन पणाला लागेल. अशा वेळी उद्ध्वस्त होतात ती दोन्ही घरे गरीबच असतात.

हप्ता परवडत नाही, कंपन्या अटींवर बोट ठेवतात, हे आक्षेप अगदीच निराधार नाहीत. बारीक अक्षरांतील इंग्रजी करारावर सही घ्यावयाची आणि दाव्याच्या वेळी त्यातील अपवाद दाखवावयाचे, हा व्यवहार न्याय्य म्हणता येणार नाही. अपवादांचे एक पान तरी सुबोध मराठीत देण्याचे बंधन कंपन्यांवर असावे. परंतु कारखान्यांचीही जबाबदारी आहे. ऊसवाहतुकीचे करार करताना ट्रॅक्टर व ट्रॉली या दोहोंचा विमा तपासणे आणि मजुरांची ने-आण प्रवासी वाहनाने करणे त्यांना अशक्य नाही.

याच जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. एकट्याला न पेलणारे ओझे अनेकांनी वाटून घ्यावे, हा धडा येथील शेतकऱ्याला अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकावा लागला नाही. विम्याचे तत्त्व याहून निराळे नाही. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी ‘हप्ता किती?’ या प्रश्नाबरोबर ‘यात कोण बसतो आणि कोण बसत नाही?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे. त्याचे उत्तर अपघातानंतर न्यायाधिकरणात ऐकण्यापेक्षा, सही करण्यापूर्वी ऐकलेले केव्हाही स्वस्त पडते.