सुई टोचून घेण्याआधी केसपेपर काढा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या रहिवाशांना कळकळीचे आवाहन

लगीनसराई तोंडावर आली की ‘एका दिवसात दाट केस’ अशी आमिषे दाखवली जातात. मुलगी पाहायला जायचे म्हणून धास्तावलेल्या तरुणांनो, भांग रुंदावला म्हणून आरसा टाळणाऱ्या तायांनो, हात जोडून सांगतो: आगाऊ पैसे भरू नका.

मार्च २०१९मध्ये साकीनाक्याच्या एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत सुमारे ९,५०० ग्राफ्टचे केशरोपण करून घेतले. नंतर तीव्र अ‍ॅलर्जीची लक्षणे दिसली आणि दोन-तीन दिवसांतच पवईच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. केशरोपण ही शस्त्रक्रिया आहे. यूट्यूब पाहून ती शिकता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये बजावले आहे.

अनेकांना तर तिची गरजच नसते. डेंग्यू, टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजके हातात येतात. मुळे शाबूत असल्याने ते सहसा काही महिन्यांत परत उगवतात. थायरॉइड बिघडले, लोह कमी झाले, तर आधी त्यावर इलाज हवा. चाईचे उपचार वेगळे. आनुवंशिक टकलावर मिनॉक्सिडिल लावतात. सुरुवातीला गळती वाढल्यासारखी वाटते, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि औषध सोडले की फायदाही ओसरतो. फिनास्टेराइड स्वतःच्या मनाने घेऊ नका. गर्भवतीने या औषधाच्या फुटक्या गोळीला हातही लावू नये.

लग्न पंधरा दिवसांवर आले असेल, तर विरळ जागी केराटिनची पूड, क्लिपचा टॉपर किंवा विग वापरा. पॅच चिकटवायचा असेल, तर त्याचा गोंद आधी कातडीवर थोडासा लावून दोन दिवस पाहा. यात कमीपणा कसला?

म्हणून याच आठवड्यात कूपर, राजावाडी अशा पालिका रुग्णालयात त्वचारोग विभागाचा केसपेपर काढा. तरीही केशरोपण ठरलेच, तर डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तपासा. सुई कोण चालवणार आणि जिवावर बेतले तर सोय काय, हे तोंडावर विचारा.

आणि घरच्यांनो, ‘टकल्या’ ही हाक आजच बंद करा. त्या एका शब्दापायी पोरे कर्ज काढून केशरोपणाच्या खुर्चीत जाऊन बसतात.